भिंतीवर चित्रं नसती तर?

प्रागच्या जुन्या चौकात दर तासाला गर्दी जमते. टाउन हॉलच्या मनोऱ्यावर १४१० सालचं खगोलीय घड्याळ आहे. टोले पडायच्या वेळी त्याच्या वरच्या दोन खिडक्या उघडतात, बारा प्रेषितांच्या बाहुल्या फिरून जातात, शेवटी कोंबडा आरवतो आणि तमाशा संपतो. मग गर्दीतले बरेचजण चार पावलं डावीकडे सरकतात. तिथं एक घर आहे, 'उ मिनुती' नावाचं. खाली कमानींचा ओटा, त्याच्या वर छतापर्यंत काळ्या-पांढऱ्या चित्रांनी भरलेली भिंत. बायबलमधले प्रसंग, ग्रीक-रोमन पुराणातले प्रसंग, सद्गुणांच्या मूर्ती, त्या काळचे राजे. भिंतीचा इंचही मोकळा सोडलेला नाही. वाटाडे इथं साधारण अर्धा मिनिट थांबतात आणि दोन गोष्टी सांगतात. एक, ही चित्रं चारशे वर्षांपूर्वीची आहेत. दुसरी, पुढे जगप्रसिद्ध लेखक झालेला फ्रान्त्स काफ्का लहानपणी या घरात राहत होता. मग फोटो.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण एकापाठोपाठ एक सांगितल्या की ऐकणाऱ्याच्या मनात एक खोटं चित्र तयार होतं: दप्तर घेतलेला मुलगा, मागे ही भिंत. काफ्काचं कुटुंब इथं १८८९ च्या जूनमध्ये राहायला आलं आणि १८९६ मध्ये बाहेर पडलं. त्या सगळ्या काळात ही चित्रं चुन्याखाली गाडलेली होती. त्या मुलानं पाहिलं ते एक साधं, गिलावा केलेलं, आजूबाजूच्या दहा घरांसारखं घर. चित्रं वर आली ती विसावं शतक उजाडल्यावर.

हा तपशील मला बरेच दिवस छळत होता. वाटाड्यांची चूक काढण्यात मला रस नाही, अर्ध्या मिनिटात त्यांनी तरी काय काय सांगावं? मला छळणारा प्रश्न दुसराच आहे. हे घर आज उभं आहे आणि त्याच्यापासून पाच-सात मिनिटांच्या चालीवरची शेकडो घरं उभी नाहीत. हा फरक कशानं पडला? मला सापडलेलं उत्तर असं, की शहरं घराचं तोंड बघून त्याचं आयुष्य ठरवतात. आणि ही पद्धत चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी त्या भिंतीबद्दल, कारण ती खरोखर सुंदर आहे आणि तिची कारागिरी समजून घेण्यासारखी आहे. या कामाला स्ग्राफितो म्हणतात. आधी गडद रंगाच्या गिलाव्याचा थर द्यायचा, त्यावर पांढऱ्या चुन्याचा पातळ हात मारायचा, आणि तो पुरता वाळायच्या आत लोखंडी सळईनं खरवडत चित्र काढायचं. जिथं खरवडलं तिथं खालचा काळा दिसतो. चुना वाळला की चुकीला माफी नाही. इटलीत बहरलेलं हे तंत्र सोळाव्या शतकात बोहेमियात, म्हणजे प्रागच्या भोवतालच्या चेक प्रदेशात आलं आणि तिथल्या लोकांनी ते अक्षरशः उचलून धरलं. आपल्याकडे कोकणात, गोव्यात आणि खाली कारवारच्या किनाऱ्यावर देवळांच्या भिंतींवर जी कावी दिसते, ती याच घराण्यातली, फक्त उलटी: तिथं पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेचा थर चढवतात आणि तो खरवडून पांढरं वर आणतात. दोघींच्या नशिबी आलेला शत्रूही एकच. जीर्णोद्धाराच्या उत्साहात कावीच्या किती भिंती ऑइलपेंटखाली आणि टाइल्सखाली गेल्या, हे त्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावकऱ्याला विचारा. प्रागमध्ये टाइल्स नव्हत्या, एवढंच. नंतरच्या पिढ्यांना ही चित्रं जुनाट वाटली, अंगावर येणारी वाटली, आणि त्यांनी त्यावर चुना फासला. गंमत म्हणजे त्या चुन्यानंच ती राखली.

घर मुळात पंधराव्या शतकातलं, गॉथिक. पुढे सोळाव्या शतकात ते रेनेसाँच्या वळणानं वाढवलं गेलं, आणि चित्रं दोन टप्प्यांत आली: काही १६०० च्या आधी, काही त्यानंतरच्या दीड दशकात. नंतर इथं औषधाचं दुकान होतं, 'पांढरा सिंह' नावाचं, आणि त्या दुकानाची खूण असलेला दगडी सिंह अजून घराच्या कोपऱ्यावर बसलेला आहे. 'मिनुती' हे नाव सुटी तंबाखू विकणाऱ्या दुकानावरून पडलं असं सांगतात. म्हणजे घराला आज जे नाव आहे ते तंबाखूवाल्याचं, कोपऱ्यावरची मूर्ती औषधवाल्याची, भिंत त्यांच्याही आधीच्या कुणा हौशी मालकाची आणि प्रसिद्धी एका भाडेकरूच्या मुलाची. जुन्या शहरातलं घर असंच असतं. त्यात एक 'मूळ' शोधायला जाणं म्हणजे कांदा सोलण्यासारखं आहे.

त्या भाडेकरूंबद्दल थोडं सांगायला हवं. हेर्मान काफ्का हा दक्षिण बोहेमियातल्या खेड्यातून आलेला, स्वतःच्या हिमतीवर दुकान उभं केलेला व्यापारी. या घरात आल्यावर त्याला तीन मुली झाल्या. एली १८८९ च्या सप्टेंबरमध्ये, वाली बरोबर वर्षानं, ओटला १८९२ मध्ये. तिघी याच छपराखाली जन्मल्या. फ्रान्त्स त्या वेळी सहा-सात वर्षांचा होता, मटणाच्या बाजाराकडच्या जर्मन शाळेत जायचा. त्याला पोचवायला घरची स्वयंपाकीण असे. पुढे १९२० मध्ये त्याची अनुवादक आणि जवळची मैत्रीण मिलेना येसेन्स्काला लिहिलेल्या पत्रात त्यानं त्या रोजच्या वाटेचं वर्णन केलं आहे. ती बारकेली, टोकदार नाकाची बाई रोज धमकी द्यायची, की तू घरी कसा वागतोस ते आज मी गुरुजींना सांगणार. मुलगा गयावया करायचा, दुकानांच्या दाराला, कोपऱ्यावरच्या दगडांना धरून ठेवायचा, आणि ती त्याला ओढत न्यायची. चौक ओलांडून, गल्लीतून, कमानीखालून. तिनं कधी सांगितलं मात्र नाही. काफ्काच्या पुढच्या लिखाणातलं ते न केलेल्या गुन्ह्याचं भय याच वाटेवर जन्मलं, असं म्हणण्याचा मोह होतो, पण तो मोह समीक्षकांकडे सोपवून मी पुढे जातो. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की 'उ मिनुती'चा सगळ्यात जिवंत पुरावा या वाटेत आहे, आणि त्यात भिंतीवरच्या एकाही राजाचा संबंध नाही.

आता घर वाचलं कसं ते पाहू. शेजारचा टाउन हॉल हीच मुळात एकेक घर गिळत वाढलेली इमारत आहे. १३३८ मध्ये नगराला स्वतःचा कारभार ठेवायची परवानगी मिळाली आणि नगरानं एका श्रीमंत व्यापाऱ्याचं घर विकत घेतलं. मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. आजही ओळीनं उभं राहून पाहिलं तर प्रत्येक घराची उंची वेगळी, खिडक्या वेगळ्या. शेवटी पाळी आली 'उ मिनुती'ची. विस्तारासाठी ते पाडायचं घाटत होतं. त्याच सुमारास चुन्याखालची चित्रं उघडी पडली, आणि पाडायची भाषा मागे पडली. घर टाउन हॉलमध्ये सामील झालं, चित्रांची डागडुजी झाली. चित्रं नसती तर घर नक्की गेलं असतं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण आजूबाजूला त्याच वर्षांत जे चाललं होतं ते पाहता दुसरं काही घडलं असतं असं वाटत नाही.

चाललं होतं ते असं. चौकाच्या उत्तरेला योसेफोव्ह, जुनी ज्यू वस्ती. १८९३ च्या फेब्रुवारीत तिच्या 'स्वच्छतेचा' कायदा झाला. नगरानं घरं ताब्यात घ्यायची, पाडायची, रस्ते सरळ करायचे, नवं बांधणाऱ्याला करमाफी द्यायची. योसेफोव्ह आणि लगतच्या जुन्या गल्ल्या मिळून सुमारे ६०० घरं जमीनदोस्त झाली. वस्तीतून राहिलं ते एवढंच: सहा सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं), ज्यू टाउन हॉल आणि कबरस्तान. चौकातून नदीकडे एक रुंद रस्ता काढला गेला, आज तो पारीझ्स्का म्हणून ओळखला जातो आणि त्यावर महागड्या पर्स आणि घड्याळांची दुकानं आहेत. काफ्काचं जन्मघर या वस्तीच्या उंबरठ्यावरच होतं. ते १८९७ मध्ये जळालं, जुन्यापैकी फक्त दरवाजाची दगडी चौकट उरली आणि ती नव्या इमारतीत बसवली गेली.

इथं दुसरी बाजू मांडली नाही तर ती लबाडी होईल. योसेफोव्ह ही काही रम्य जागा नव्हती. संडास-मोरीची सोय नाही, एकेका खोलीत अनेक बिऱ्हाडं, नदीला पूर आला की तळघरात पाणी. १८९० च्या पुरानं तर कार्ल पुलाच्या कमानी वाहून नेल्या, मग या वस्तीचं काय झालं असेल! १८५० च्या आसपास ज्यूंवरची राहण्याची बंधनं उठली, तेव्हा ज्यांना परवडलं ते बाहेर पडले. कायदा झाला तेव्हा इथं राहणाऱ्यांत बहुसंख्य लोक ज्यू नव्हतेच, प्रागमधले सगळ्यात गरीब लोक होते. अशा ठिकाणी कुणी रोगराईबद्दल बोललं तर त्याला संस्कृतिद्रोही म्हणणं सोपं आहे, पण ते प्रामाणिकपणाचं नाही. लेखक विलेम म्रश्तीकनं १८९७ मध्ये या पाडापाडीविरुद्ध आग ओकणारं पत्रक लिहिलं, १९०० मध्ये जुन्या प्रागसाठी झटणारा क्लब निघाला आणि तो आजही काम करतो. या मंडळींबद्दल मला आदर आहे. तरी त्या खोल्यांमध्ये त्यांच्यापैकी किती जण राहत होते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार आणि तो रास्त आहे.

पण मग उपाय पाहा. रोगराई हे कारण होतं तर गटारं घालायची होती, नळ आणायचे होते, गर्दी विरळ करायची होती. प्रत्यक्षात जे बांधलं गेलं ते वस्तीतल्या कुणाला परवडणारं नव्हतं. गरीब माणसं आपली कोंदट खोली उचलून शहराच्या कडेला घेऊन गेली. त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती मात्र सजल्या होत्या: घुमट, पऱ्या, पानंफुलं, सोनेरी मोझाइक. म्हणजे त्या वर्षांत प्रागला सजावट नकोशी झालेली नव्हती, उलट भारी हौस होती. चौकातच पाहा. संत व्हेन्सेस्लॉस घोड्यावर बसलेला, रंगीत, बघताच जुनं वाटणारं श्टोर्ख घर आहे. त्यावरची चित्रं चित्रकार मिकोलाश आलेशची आणि घर १८९६-९७ मधलं. हे उभं राहत होतं तेव्हाच काफ्का कुटुंब 'उ मिनुती'मधून सामान हलवत होतं. 'उ मिनुती'ला वळसा घातला की छोट्या चौकात रोट यांचं घर लागतं. लोखंडी सामानाचे व्यापारी, त्यामुळे १८९० च्या सुमाराच्या नूतनीकरणात दर्शनी भिंतीवर कष्टकरी, शेतकरी, कारागीर रंगवून घेतले, तेही आलेशच्याच रेखाटनांवरून. पुढे कधीतरी खिळे-कुलपं गेली आणि आत हार्ड रॉक कॅफे आलं. भिंतीवरचा शेतकरी जागच्या जागी आहे, संरक्षित आहे. त्याच्या मागे गिटारी टांगल्यात.

हे मला आजच्या वारसा-संरक्षणाचं सगळ्यात नेमकं चित्र वाटतं. कायदा भिंतीचा रंग राखतो, तिच्या मागे काय चाललंय ते त्याच्या कक्षेबाहेर. प्रागचं ऐतिहासिक केंद्र १९९२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. त्याच काळापासून तिथले रहिवासी कमी होत गेले आणि रात्रीपुरते येणारे वाढत गेले. चाकांच्या बॅगा दगडी फरसबंदीवर खडखडत जातात, आणि त्या आवाजात किराणा, चांभार, शाळा यांपैकी कुणाचंही चालेना. २०२४ मध्ये नगराला रात्री दहानंतर वाटाड्यांसोबतच्या दारू-सफरींवर बंदी घालावी लागली. दर्शनी भाग इतका छान कधीच नव्हता.

आणि ज्याला दर्शनी भागच नाही, त्याचं? व्हेन्सेस्लॉस चौकात ओप्लेतालोव्हा रस्त्याच्या कोपऱ्यावर एकोणिसाव्या शतकातलं एक घर होतं. वारसा-क्षेत्राच्या आत होतं, पण स्वतंत्र स्मारक म्हणून त्याची नोंद नव्हती. विसाव्या शतकात त्याला साधा, नक्षी नसलेला चेहरा दिला गेला होता. जुन्या प्रागच्या क्लबनं आरडाओरडा केला, लोक रस्त्यावर आले. २०१० च्या दशकात ते पाडलं गेलंच, आणि आज तिथं काचेची गोलाईदार व्यापारी इमारत आहे. म्रश्तीकच्या पत्रकाला सव्वाशे वर्षं होत आली होती.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: सगळंच कसं राखणार? कुठंतरी रेघ मारावी लागेल, मग दुर्मीळ कारागिरी हा निकष वाईट आहे का? वाईट नाही. 'उ मिनुती'ची भिंत गेली असती तर कुणालाही परत काढता आली नसती, साध्या गिलाव्याची भिंत काढता येते. इथवर मला मान्य आहे. माझी तक्रार तो एकमेव निकष झाला याबद्दल आहे. कारण त्यामुळे शहराच्या स्मृतीत फक्त पैसेवाल्यांचं शहर उरतं. चारशे वर्षांपूर्वी भिंतभर राजे खरवडून घेणं कुणाला परवडत होतं? आणि प्रागमधल्या बहुतेक लोकांचं आयुष्य ज्यांत गेलं त्या 'पावलाच' घरांना दर्शनी शोभा नसतेच. आत अंगण, अंगणाभोवती प्रत्येक मजल्यावर उघडी गॅलरी, गॅलरीवर ओळीनं दारं, टोकाला सामायिक नळ आणि संडास. गिरगावात वाढलेल्या माणसाला तिथं उभं केलं तर तो न विचारता म्हणेल, ही तर चाळ! या घरांचं सौंदर्य आतल्या बाजूला, वावरात आहे. रस्त्यावरून फोटो निघत नाही, म्हणून ते मोजलं जात नाही.

म्हणून मला वाटतं, पाडायचं की राखायचं हे ठरवणाऱ्या समितीनं घराकडे रस्त्यावरून पाहणं थांबवावं. आत जावं. अंगण, जिना, पाण्याची जागा, एका घरातून दुसऱ्या गल्लीत निघणारा बोळ, हे पाहावं. आत कोण राहतं आणि दुरुस्तीनंतर त्यालाच राहता येईल का, हे लेखी विचारावं. राहता येणार नसेल तर त्या दुरुस्तीला 'जतन' म्हणू नये, विकास म्हणावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. असं केलं तर काही सुंदर भिंती जातील का? एखादी जाईल कदाचित. पैसा मर्यादित असतो. मी ते मान्य करायला तयार आहे, माझे वास्तुप्रेमी मित्र नाहीत आणि आमचं यावर भांडण होतं.

जुन्या चौकाला निवड करायची सवयच आहे म्हणा. १६५० सालचा मेरीचा स्तंभ १९१८ च्या नोव्हेंबरात जमावानं पाडला, कारण तो तोवर राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याचा वाटत होता. २०२० मध्ये त्याची हुबेहूब प्रतिकृती परत उभी केली. टाउन हॉलची एक अख्खी बाजू ८ मे १९४५ रोजी, युद्ध संपता संपता जळाली. तिथं काय बांधावं यासाठी पुन्हा पुन्हा स्पर्धा झाल्या, निर्णय झाला नाही, आणि आजही ती जागा मोकळी आहे. झाडं आहेत, बाकं आहेत. चौकात फुकट बसायला मिळणारी ही जागा कुणी ठरवून केलेली नाही.

तिथून थोड्या अंतरावर पिंकास सिनेगॉग आहे, योसेफोव्हमधून वाचलेल्या सहांपैकी एक. त्याच्या आतल्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराविया इथल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावं हातानं लिहिलेली आहेत. १९५० च्या दशकात ती पहिल्यांदा लिहिली गेली. १९६८ मध्ये ओल आली म्हणून इमारत बंद झाली, आणि कम्युनिस्ट राजवटीतल्या त्या लांबलेल्या दुरुस्तीत नावंही गेली. १९९० च्या दशकात ती सगळी पुन्हा, एकेक करून लिहावी लागली. काफ्काच्या बहिणी एली आणि वालीला १९४१ मध्ये पोलंडमधल्या वूचच्या घेट्टोत नेलं. ओटला तेरेझिनच्या नाझी घेट्टोत होती. १९४३ मध्ये पोलंडमधल्या ब्यावस्तोकहून आलेल्या अनाथ मुलांची तुकडी पुढे पाठवायची ठरली, तेव्हा ती आपणहून त्यांच्यासोबत गेली. गाडी आउश्वित्झला गेली. 'उ मिनुती'त जन्मलेल्या तिघींपैकी एकही परत आली नाही.

चुन्याची भिंत काही वर्षांनी दुरुस्ती मागतेच. तेव्हा 'उ मिनुती'समोर परांच्या बांधल्या जातील, पांढरं कापड लागेल, आणि काही महिने ते घर बाहेरून साधारण तसं दिसेल जसं त्या तिघींना दिसत होतं. वाटाडे त्या दिवसांत तिथं थांबतील असं वाटत नाही.